डावीकडे झुकणारा दांडा

आमच्या डोंगराखालच्या कारखान्यात एक नियम आहे. ज्या ग्लायडरने माणूस गिळला, त्याचा खिळासुद्धा नव्यात घालायचा नाही. उरलंसुरलं जाळायचं. मी शाळेची पायरी फारशी चढले नाही, पण हा नियम मला कुणी शिकवावा लागला नाही. पंखांवर कापड ताणणाऱ्या बायका माझ्या हाताखाली आहेत, आणि माझा थोरला, येंद्रेक, ग्लायडरमधूनच गेला. हाल्नी वारा सुटला की डोंगराच्या अलीकडे हवेच्या लाटा उठतात. त्या लाटेवर तो ढगांच्या वर चढला, आणि खाली आला तो तुकड्यांनी.

नवा ग्लायडर त्याहून उंच जाण्यासाठीच बांधलेला. हे लांबच लांब पंख, प्राणवायूची टाकी, हवाबंद काच. आणि उडवणार कोण? माझी धाकटी, बोग्ना.

पंख जोडायच्या दिवशी गेरवाझी मिस्त्री ओरडत होता, "टोक वर! हळू रे, शवपेटी नाही उचलत आहात!" मग मला पाहून त्याने जीभ चावली.

"चावू नकोस, जेवताना लागेल," मी म्हणाले.

पंख बसले, तारा आतल्या, ग्लायडर वळवायच्या दांड्याला जोडल्या. मी आत वाकून पाहिलं. दांड्यावर जुनं चामडं होतं. टाका माझा, उलटा घातलेला. येंद्रेक डावरा, त्याच्या तळव्याला शिवण टोचू नये म्हणून.

"हा कुणी बसवला?"

"मी," बोग्ना म्हणाली. "जाळायच्या ढिगातून काढून ठेवला होता. दादा वाट दाखवेल."

"दाखवली की एकदा! कुठली ते पाहिलं ना सगळ्यांनी?"

"तू सगळं जाळलंस, आई. माझ्यासाठी काय ठेवलंस? हा काढलास तर मी कारखान्यातल्या दुसऱ्या, जुन्या ग्लायडरने वर जाईन."

जाईल. माझीच पोर आहे.

तेवढ्यात दांडा डावीकडे कलला. दारं बंद, वाऱ्याचा लवलेश नाही, आणि डाव्या पंखाची मागची फळी सावकाश वर उठली.

"तार जास्त ताणलीय," गेरवाझी पुटपुटला आणि त्याने दांडा सरळ केला. हात काढताच दांडा परत डावीकडे. बोग्ना हसली. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्याकडे बारशाशिवाय ग्लायडर उडत नाही. धर्ममाता नाव घेते, नाकाडावर वाइन ओतते. या खेपेला धर्ममाता मी. नाव सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं, येंद्रेक. रंगाऱ्याने अक्षरंसुद्धा कापून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पटांगणात गर्दीसमोर चादर ओढली. टाळ्या पडल्या. आणि डावी फळी उठली, तो निघताना हात वर करायचा तशी. टाळ्या विरळ झाल्या.

"आई, नाव घे ना," बोग्ना कुजबुजली.

आईने नाव घेऊन जागा दिली की पोर तिथून हलतं होय? मी नाकाडाशी वाकले. लहानपणी त्याला तळ्यावरून हाक मारायचे, तशी हळूच म्हणाले, "येंद्रुश, सूप निवतंय. ऊठ, घरी चल. ही जागा बहिणीची आहे."

मग वाइन ओतली आणि मोठ्याने सांगितलं, "याचं नाव करकोचा!"

"करकोचा?" गेरवाझी म्हणाला. "एवढ्या उंच जाणाऱ्याला धुराड्यावर बसणाऱ्याचं नाव?"

"दर वसंतात आपल्याच घरट्यात परत येतो ना? मग तोंड मिट."

फळी खाली आली. अगदी सावकाश, एखाद्याने मनाविरुद्ध हात काढून घ्यावा तशी.

त्याच दुपारी हाल्नी सुटला आणि बोग्ना वर गेली. डोंगरावर पांढरे, ताटलीसारखे ढग थिजून उभे होते. मी मान खाली घातली नाही. संध्याकाळी ती उतरली. गालांवर प्राणवायूच्या मुखवट्याचे वळ होते आणि डोळ्यांत पाणी.

"दांडा हलका होता, आई. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काय केलंस तू?"

"जेवायला चल."

निघायच्या आधी मी टेबलावर तीन ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. चमचे सगळे उजवीकडे, आमच्या घरी मांडतात तसे. दार उघडलं तेव्हा तिसरा चमचा डावीकडे होता.

बोग्नाने पाहिलं. तिने त्या जागेची खुर्ची थोडी मागे ओढली, आणि मी सूप वाढायला घेतलं.