कुज्मानच्या पायातली बेडी

आम्हा मिस्र देशाच्या ख्रिस्ती लोकांत ज्याला पोप व्हायचंय त्याला पोप करत नाहीत. अलेक्झांड्रियाच्या गादीसाठी नाव निघालं की माणसाने नाही म्हणायचं, वाळवंटात पळायचं, लपायचं. मग लोकांनी त्याला शोधून, पायांत बेडी ठोकून आमच्या फुस्तात शहरी आणायचं. मागच्या पोपबाबांना माझ्या बापाने बेडी ठोकली होती. ते मठाच्या धान्याच्या पेवात तीन दिवस लपले होते आणि बाहेर काढताना त्यांनी माझ्या बापाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. असला माणूस गादीवर बसला की लोकांना भरवसा वाटतो.

ते बाबा वारले त्या वर्षी शहरात दोन वजीर होते, म्हणजे खरं तर एकही नव्हता. तुर्की स्वार एकाचे, सुदानी पायदळ दुसऱ्याचं. त्यांच्या मारामारीत अर्धा बाजार जळाला. आमच्या धर्मगुरूंची बैठक सहा महिने चालली आणि शेवटी नाव निघालं कुज्मानचं. कोण हा कुज्मान? सरकारी कचेरीतला कारकून. चार महिन्यांपूर्वी दाढी वाढवून साधू झालेला. त्याने तुर्की स्वारांच्या वजिराला शब्द दिला होता, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं: मी गादीवर बसलो की लोहारआळीतलं मार कुल्ताचं चर्च तुमच्या स्वारांना तबेल्यासाठी.

संत कुल्ताचं ते चर्च आमचं. त्याच्या फरशीखाली माझी बायको हिलाना झोपली आहे.

एका सकाळी शेख अबू नजाह भट्टीवर आला. आमच्या समाजातला सगळ्यात मोठी असामी, कुज्मानला उभा करणारा तोच. काखेत मेंढीच्या मऊ कातड्याची गुंडाळी.

"उस्ता बुकतुर, बेडी हवी. आतून हे कातडं लाव. आणि खिळा असा ठेव की हाताने निघेल."

"कुणाच्या हाताने?"

"ज्याच्या पायात आहे त्याच्या. एवढंही कळत नाही?"

"मग ती बेडी कसली शेख, ते पैंजण झालं."

"तोंड सांभाळ. वजिराचे स्वार गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत."

"आहेत की. रोज त्यांच्या घोड्यांचे नाल मीच ठोकतो. माझी बेडी लोखंडाची असते, तापवून ठोकायची आणि छिन्नीनेच तोडायची. नको असेल तर त्याला मोकळ्या पायाने आणा. लोकांना बघू दे."

तो दातओठ खात राहिला. बेडीशिवाय पोप कुणी मानला नसता, आणि आगीनंतर आमच्यातले बाकीचे दोन्ही लोहार पळून गेले होते. "रविवारी वेशीबाहेर ये," एवढं म्हणून तो तणतणत निघून गेला. कातडं तिथेच राहिलं.

ते मी भट्टीच्या दारावर खिळ्याने ठोकलं. जो विचारेल त्याला सगळं सांगितलं, नावानिशी. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

मासे विकणारी रिफ्का कातड्यावरून हात फिरवून म्हणाली, "इतके नाजूक पाय का रे त्याचे? मला दे, माझ्या नातवाला दुपट्याखाली होईल."

"घे. पण रविवारनंतर."

"आणि आपल्या चर्चचं?"

"तो ज्या दिवशी गादीवर बसेल त्या दिवशी घोडे आत."

तिने माशांची टोपली उचलली आणि तणतणत गल्लीत निघून गेली. 

रविवारी वेशीबाहेर कुज्मान गाढवावर बसून आला. मी त्याच्या पायात बेडी अडकवली आणि खिळा तापवून ठोकला. तो वाकून कुजबुजला, "सैल ठेव रे उस्ता."

"सैल ठेवली तर पळून जाल ना अबूना," मी म्हणालो. साधूला आम्ही अबूनाच म्हणतो, आमचे बाप.

मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर आमची एक रीत आहे. बेडी ठोकणारा लोहार छिन्नी घेऊन उभा राहतो आणि तीनदा विचारतो, तोडू का? बेडीतला माणूस म्हणतो, तोड, मी लायक नाही, मला जाऊ दे. आणि लोक ओरडतात, नको! तिसऱ्या 'नको'नंतर धर्मगुरू त्याला आत घेऊन जातात.

पटांगण भरलेलं होतं. वीस तुर्की स्वार आणि त्यांचा सरदार पायऱ्यांशी बंदोबस्ताला.

"तोडू का?" मी विचारलं.

"तोड! मी लायक नाही! मला वाळवंटात जाऊ दे!" कुज्मानने डोळ्यांत पाणी आणलं. चांगलं आणलं.

"नको!" पुढच्या रांगेतून अबू नजाहचे नोकर ओरडले. बारा-पंधरा गळे. मागे कुणी तोंड उघडलं नाही.

"तोडू का?"

"तोड, मला जाऊ दे!"

"नको," या वेळी पाच-सहा जण म्हणाले. बाकीचे मागे वळून लोकांकडे बघायला लागले होते.

"तोडू का?"

"तोड," कुज्मान म्हणाला. त्याचा आवाज आता खरंच कापत होता.

कुणी बोललं नाही. एका म्हाताऱ्याला खोकला आला, त्याने तो दाबला.

मग रिफ्काचा आवाज आला. "तोड की रे बुकतुरा! किती अडवून धरशील बिचाऱ्याला!"

पटांगण हसण्याने दणाणलं. अबू नजाह पुढे धावला. "थांब! अशी रीत नाही!"

"मग कशी आहे?" मी म्हणालो. "लोक नको म्हणाले नाहीत तर काय करायचं, विचारा कुणाला तरी."

दक्षिण मिस्रचे म्हातारे बिशप काठीवर भार देऊन उभे होते. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. "तर तोडायची," ते म्हणाले. "आणि माणसाला सोडायचं."

तुर्की सरदाराने दुभाष्याला विचारलं, "काय चाललंय?"

"हा म्हणतोय, मला पोप व्हायचं नाही, जाऊ द्या."

"मग जाऊ द्या की. घोडे उन्हात उभे आहेत."

मी कुज्मानच्या कानाशी वाकलो. "अबूना, एकदाच म्हणा, मला पोप व्हायचंय. मी छिन्नी खाली ठेवतो."

त्याने अबू नजाहकडे बघितलं, मग लोकांकडे.  

मी चार घाव घातले. बेडी पायरीवर पडली. तो उतरला, आपलं गाढव शोधत गर्दीतून गेला. लोकांनी त्याला नीट वाट करून दिली.

सरदार मात्र अबू नजाहसमोर घोडा आडवा घालून उभा. "आज तबेला मिळणार होता."

"नवे बाबा निवडले की मग..."

"आज."

"शेखसाहेबांचं अंगण आहे ना!" रिफ्का म्हणाली. "विहीर आहे, सावली आहे, वीस काय चाळीस मावतील." दुभाष्याने ते इमानाने सांगितलं. सरदाराने मान डोलावली.

दुपारी वीस घोडे अबू नजाहच्या दारातून आत गेले. धर्मगुरू पुन्हा बैठकीला बसले. दुसऱ्या दिवशी मार कुल्तामध्ये पहाटेच्या प्रार्थनेला एवढी गर्दी झाली, की हिलानाच्या फरशीपाशी उभं राहायला मलाच जागा मिळाली नाही.