आतली कडी

"अहो, दाराची आतली कडी कुठे गेली?"

बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे लिफ्टवाल्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, तिच्यात बिछाने आणि ओटा बसवला आणि बायकोला व म्हाताऱ्या वडिलांना, आबांना, घेऊन त्या फिरत्या घरात राहायला आले. आता त्या घराला हुशार करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप, बंद पडलेल्या दुकानातला कॅमेरा, पाडलेल्या हॉटेलचं विजेवर चालणारं कुलूप, असलं भंगार गोळा करून पठ्ठ्याने सगळं एकमेकांना जोडलं होतं. दिवे, पंखे, दार, सगळं फोनवरून! आणि कुठल्या कंपनीच्या दारात जायला नको, सगळा कारभार त्या लॅपटॉपच्या पोटात.

"कडी मीच काढली," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात आबा थेट हमरस्त्यावर गेले होते, विसरलीस? ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं."

"विसरेन कशी? पण आबांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? सकाळचं दुपारी आठवत नाही त्यांना."

"आठवत नाही म्हणून भीतीही वाटत नाही की काय? अहो, आठवण गेली म्हणून माणूसपण जात नाही. आणि आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे म्हणून बिल्डिंगवाल्यांशी कोण भांडायचं? तुम्हीच ना?"

"ती लिफ्ट होती. हे घर आहे," लिफ्टवाले म्हणाले आणि पुन्हा तारांत डोकं घातलं.

दोन दिवस आबा कडीच्या जागी उरलेल्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. "दार कोणी लावलंय रे?" असं दर तासाला विचारायचे. "मी लावलंय आबा, तुमच्याच भल्यासाठी," हे ठरलेलं उत्तर. आबा मान हलवायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचे. पाच मिनिटांत पुन्हा दारापाशी.

तिसऱ्या दिवशी बायकोला डोळे तपासायला जायचं होतं. आबांना एकटं सोडायला तिचं मन घेईना. "फोनवर सगळं दिसतं, तू चल गं!" म्हणत लिफ्टवाल्यांनी तिला बाहेर काढलं. मोकळ्या मैदानात उन्हात बस उभी, खिडक्या बंद, आत पंखा चालू. दार खट्कन लागलं.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून ती बाकावर बसली. तिला सगळं धूसर दिसत होतं.

"आबा काय करताहेत?"

लिफ्टवाल्यांनी फोन पाहिला. "खुर्चीत बसलेत. पंखा चालू, दार बंद. सगळं झकास."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तेच ऐकलं आणि ती ताडकन उठली.

"अजून खुर्चीतच? अहो, आबा पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत! नीट बघा!"

त्यांनी नीट बघितलं. चित्रात आबांच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यात अकरा चाळीस झाले होते. दवाखान्याच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

चित्र तासाभरापूर्वीचं! उन्हाने लॅपटॉप तापून बंद पडला असणार. म्हणजे पंखा बंद. दार बंद. आणि कडी... कडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती!

टॅक्सीत ते फोनवरचं दार उघडायचं बटण दाबत राहिले. पडद्यावरचं चाक नुसतं गरगरत होतं. अंगाला दरदरून घाम सुटला. "देवा, एवढी वेळ सांभाळ," एवढंच ते पुटपुटत होते.

"आबा! ओ आबा!" त्यांनी बसचं मागचं दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. हत्यारं, किल्ल्या, सगळं आत. जमिनीवरची वीट उचलून त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली आणि आत हात घालून तो दरवाजा उघडला. पडद्याआडचा हा दरवाजा आबांना कधी आठवलाच नव्हता. तोंडावर भट्टीसारखी हवा आली.

आबा मागच्या दाराशी पडले होते. कडीच्या भोकांत खुपसून खुपसून बोटांची टोकं सोलवटली होती. श्वास चालू होता, पण अगदी मंद. दोघांनी त्यांना उचलून झाडाच्या सावलीत नेलं. बायको ओल्या पंच्याने त्यांचं अंग पुसू लागली, लिफ्टवाल्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. ती येईपर्यंतचा प्रत्येक क्षण त्यांचा जीव खात होता.

इस्पितळात संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. मुलाकडे पाहून हळूच म्हणाले, "किती हाका मारल्या रे. वाटलं, माझ्या हातून काही गुन्हा झाला असेल."

लिफ्टवाले त्यांच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडले. "गुन्हा माझ्या हातून झाला, आबा! मी भ्यालो, आणि माझ्या भीतीपायी तुम्हाला कोंडलं!"

हॉटेलचं कुलूप त्याच हातांनी निघालं. त्या जागी मोठी, पिवळ्या रंगाची कडी बसली, आबांच्या हाताला सहज सापडेल अशी. लॅपटॉपकडे एकच काम उरलं: दार उघडलं की घंटा वाजवायची. आता घंटा वाजली की लिफ्टवाले पायांत चपला सरकवतात आणि आबांच्या मागे चार पावलं चालत राहतात. रस्ता आला की हात धरतात. दमतात, कधी कुरकुरतातही, पण जातात.

मंडळी, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना, लेकीसुनांना आपणही "तुमच्याच भल्यासाठी" म्हणून कोंडतोच ना? कुणाला कुलपाने, कुणाला नुसत्या धाकाने. काळजी जरूर करा. पण त्यासाठी चालायचे कष्ट आपण घ्यायचे, आणि दाराची कडी आत राहणाऱ्याच्या हातात ठेवायची. आज घरी गेल्यावर एकदा बघा, तुमच्या दाराला आतून कडी आहे ना?