उशिरा लावलेली खिट्टी

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. सध्या भंगारवाल्याच्या कुंपणाला टेकून उभा आहे. येणाराजाणारा मला बघून म्हणतो, "हाच तो, ब्रेक फेल झालेला." हे साफ खोटे आहे, आणि खरे काय ते सांगितल्याशिवाय मला गंजायचेही नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा लाल रंग असा झळकत होता की माणसे हात लावायला बिचकत. पण मला खरे ओळखले ते मालकाच्या थोरल्या मुलीने. घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात ताईच म्हणू लागलो. रोज कामाला निघण्याआधी ती हातात फडके घेऊन माझ्याभोवती फेरी मारायची. ऑइलची पट्टी ओढून पुसायची आणि पुन्हा घालून बघायची. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे पाणी पाहायची. चाकांच्या नटांना पाना लावायची, खाली वाकून जमिनीवर तेलाचा डाग नाही ना ते बघायची. "काय म्हाताऱ्या, कुठे दुखतंय का?" असे विचारायची. मी तेव्हा म्हातारा नव्हतो, पण लाड कोणाला नको असतात?

शेवटी ती ब्रेककडे वळायची. मला ब्रेकची दोन पेडल आहेत, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. शेताच्या टोकाला चटकन वळताना एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही एकदम दाबावी लागतात, नाहीतर एक चाक थांबते, दुसरे धावते आणि मी गर्रकन फिरतो. म्हणून त्यांना जोडणारी एक लोखंडी खिट्टी असते. "रस्ता आला, खिट्टी लाव," असे ताई स्वतःलाच मोठ्याने बजावायची. खट् असा आवाज झाला की मला धीर यायचा.

पुढे तिचा धाकटा भाऊ मला चालवू लागला. मनाने वाईट नव्हता, पण पायाला भिंगरी. फेरी नाही की फडके नाही, चावी फिरवली की स्वारी निघालीच.

"अरे, आधी बघून तरी घे!" ताई ओरडायची.

"बघायचंय काय त्यात? चालतोय ना!"

त्याने एकदा माझी धडक देऊन फाटक मोडले, तेव्हा मालकाने त्याला दम भरला होता, "आता पुन्हा घोळ घातलास तर या घरात तुला जागा नाही."

आणि एक दिवस शेत नांगरून तो तसाच रस्त्याला लागला. खिट्टी मोकळीच लोंबत होती. त्याने आपल्या काकांना माझ्या मडगार्डवर बसवले होते. ताईने तिथे कधी कोणाला टेकूसुद्धा दिले नव्हते. उतारावर समोरून सायकल आली. धाकट्याने घाबरून पाय दाबला, तो नेमका एकाच पेडलवर. मी गर्रकन फिरलो आणि पंपघराच्या भिंतीवर आदळलो. काका उडून पडले, त्यांचा हात मोडला.

"ब्रेक फेल झाला!" धाकटा ओरडला. "ऐन वेळी दगा दिला यानं!"

मी मनातून शांत होतो. ताई धावत येत होती ना! तिला एका नजरेत सगळे कळणार होते.

आणि कळलेही. काकांना दवाखान्यात नेल्यावर ती माझ्याजवळ आली, वाकली आणि लोंबणारी खिट्टी हातात धरून थांबली. तिने भावाकडे पाहिले. तो रडकुंडीला आला होता. मग तिने खिट्टी लावली. खट्.

थोड्या वेळाने मालक मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीने पेडल दाबून पाहिले, डोके खाजवले. "ब्रेक तर लागतोय. खिट्टीही जागेवर आहे. मग झालं काय?"

"जुना झालाय तो," ताई खाली बघत म्हणाली. "कधी ब्रेक धरतो, कधी नाही. विकून टाका, बाबा."

मित्रांनो, धाकट्याचा मला राग नाही. त्याने मला कधी ओळखलेच नव्हते. पण ताईने? भावाचे घर वाचवायला तिने माझे नाव मातीत घातले. तिची अडचण मला कळते, पण मनाला लागलेले जात नाही. मला न्यायला ट्रक आला, त्या दिवशी ती फडके घेऊन बाहेर आली नाही.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर निघण्यापूर्वी त्याच्याभोवती एक फेरी मारा. तेल-पाणी बघा. मडगार्डवर कोणाला बसवू नका. आणि खिट्टी लावा. ताईने लावलेली माझी खिट्टी अजून तशीच घट्ट आहे. फक्त ती निघण्याआधी लावायची असते.