सतरा नंबरचा गुडघा

मंगळवारी सकाळी सव्वादहाला विद्यापीठाच्या संगणकावर आदल्या दिवसाच्या नोंदी उतरल्या. सतरा नंबरचा गुडघा एकोणीस हजार पावलं चालला होता.

"हा माणूस आमच्याकडे असता, तर विभागाची हजेरी सुधारली असती," व्यवस्थापनाचे प्राध्यापक म्हणाले. गुडघ्याचा नवा पट्टा बाजारात खपेल का, हे बघणं त्यांच्याकडे होतं. पट्टा अभियांत्रिकीवाल्यांनी बनवला होता. तो बांधून म्हातारी माणसं जास्त चालतात का, हे डॉक्टरीणबाईंना तपासायचं होतं. दोन वर्षांच्या कामाचा अहवाल त्याच दिवशी पाचपर्यंत समितीकडे द्यायचा होता. त्यावर प्रकल्प पुढे चालणार की नाही, ते ठरणार होतं.

संख्याशास्त्राच्या बाई हसल्या नाहीत. "सतरा नंबर रविवारी चालत नाही. एकाही रविवारी नाही."

सतरा कोण, हे डॉक्टरीणबाईंना कळायला नको होतं. पण पट्टा बांधणाऱ्यांत त्यांचे वडीलही होते, आणि त्यांनी आपला नंबर पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगून टाकला होता. तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, काल कुठे कुठे फिरलात?"

"मी कुठे जातोय? दिवसभर पडद्यांना शिलाई मारत होतो."

"आणि पट्ट्यावरची पावलं मोजायची डबी?"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"पोस्टमनच्या पिशवीत. रविवारी त्याला सुट्टी, त्याला मी काय करणार?"

"अहो, पण का?"

"तू तोंड पाडून जेवायला बसायचीस. म्हटलं, लेकीचं काम होऊ दे."

"खरं किती चालता?"

"फाटकापर्यंत."

"पट्ट्याआधी?"

"दारापर्यंत. तेही भिंत धरून."

दारापासून फाटक चाळीस पावलांवर होतं. ती चाळीस पावलं कुठेच नोंदलेली नव्हती.

"तुमचे अकरा दोस्तही यात आहेत, बाबा. त्यांच्या डब्या?"

"मी कुणाला शिकवलं नाही हं." मग हळूच, "पण पोस्टमन हल्ली पिशवी जड झाली म्हणून कुरकुरतो."

पाचला दहा मिनिटं असताना तिने नात्यासकट सगळं अहवालात लिहून पाठवलं. संध्याकाळपर्यंत अकरापैकी चौघांनी आपण स्वतःच चालतो असं शपथेवर सांगितलं, दोघांनी कानांवर हात ठेवले, पाच जण फोन उचलत नव्हते. समितीने अहवालाची पोच दिली आहे. निर्णय दिलेला नाही.