मूठभर कोंड्याचं पोर

मला इंग्रजीचा एकच शब्द येतो. बॉर्न. हसू नका. शाळेत जाऊन आलेल्यांना तरी एखादा शब्द पुरता कळलेला असतो का, ते मी बघितलंय. मला हा पुरता कळलाय.

मी मनुबाई, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली सुईण. ह्या वाड्यातली निम्मी माणसं माझ्या हातावर जगात आली, आणि तीच आता मला अक्कल शिकवतात. सत्तावीस साली सरकारनं गावोगावच्या सुइणींना अलिबागला बोलावलं, आठ दिवस शिकवायला. तिथली डॉक्टरीण मोठी गोड बाई, पण हात धुवायला लावून लावून आमची कातडी सोलली. तिच्या वहीत हर बाळंतपणापुढं एक शब्द असायचा, तो तिनं मला म्हणायला शिकवला. मी विचारलं, "जिवंत निघालं तर बॉर्न, मग मेलेलं निघालं तर?" ती म्हणाली, "तेही बॉर्नच. फक्त त्याच्या आधी आणखी एक शब्द लागतो." मला काय ते पटलं न्हाय. जे रडलंच न्हाय ते कसलं जन्मलं? पण ती म्हणे, तिकडं असंच. आणि नुसतं बॉर्न म्हणून सुटका न्हाय. कधी, कुठं, कुणाच्या पोटी, हे त्याच्यामागं यावंच लागतं. राजाच्या पोराला तोच शब्द आणि मासे निवडणारणीच्या पोराला पण तोच. शेवटच्या दिवशी माझं काम बघून ती म्हणाली, "मनुबाई, तू बॉर्न सुईण आहेस." म्हणजे काय, तर आईच्या पोटातनंच सुईण होऊन आलीस. अगो बाय! तेव्हापासनं माझी मान जी ताठ झाली ती झाली.

मग काय विचारता. पोर बाहेर आलं, रडलं, की नाळ कापायच्या आधी मी मोठ्यानं म्हणायची, "बॉर्न!" बायका कळा विसरून हसायच्या. कोंबडीची पिल्लं फुटली तरी वाड्यातली पोरं ओरडायची, "मनुआते, बॉर्न!" आणि पाचवी पुजून झाली की मी विठोबा पाटलाच्या ओटीवर जायची. तो पोलीस पाटील, गावातल्या जन्ममरणाची वही त्याच्याकडं. मी सांगायची, अमकीच्या घरी बॉर्न, आणि तो लिहून घ्यायचा.

राहीच्या घरी मी असं चार वेळा म्हणाले.

राही म्हणजे आमच्या चंदरची बायको. चंदर मचव्यावर असायचा, महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात. पोरगी कामाला वाघीण, पण कूस उजवून पण रितीच राहायची. मी पाटलाच्या वहीत घालून यावं आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच वहीतल्या दुसऱ्या पानावर लिहायला परत जावं. पहिलं बारा दिवसांचं गेलं. चौथं तर बारशाच्या आदल्या दिवशी.

पाचव्या खेपेला कळा देता देता तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. म्हणाली, "आते, तो शब्द तोंडातनं काढू नको. पाटलाकडं पण जाऊ नको. तुझ्या पाया पडते."

मी भडकले. "काय गो, माझ्या शब्दानं पोरं मेली म्हणतेस?"

"मला काय ठाऊक न्हाय, आते. पण चारदा झालं."

खोटं कशाला बोलू, मी पण मनात मोजलं. चारदा खरंच झालं व्हतं. पोर आलं, रडलं, चांगलं खणखणीत रडलं. मुलगा व्हता. मी ओठ दाबून नाळ कापली.

पोरं टिकत न्हायत अशा बाईनं काय करायचं ते आमच्याकडं ठरलेलं हाय. पोर विकायचं. पोराला सुपात घालून सूप उंबऱ्याबाहेर सरकवायचं, बाहेर उभ्या बाईनं मूठभर कोंडा देऊन ते घ्यायचं, आणि मग "सांभाळायला" म्हणून आईकडंच परत द्यायचं. त्यानंतर आईनं त्याला माझं म्हणायचं न्हाय. कुणी विचारलं तर सांगायचं, हिचं हाय, मी नुसती दूध पाजते. सटवीची नजर चुकवायची ही तऱ्हा. उंबऱ्याबाहेर मीच उभी राहिले. मी बालविधवा, मला ना पोर ना बाळ, मी कोंडा दिला, पोर घेतलं, त्याचं नाव कोंडाजी ठेवलं आणि राहीच्या ओटीत परत घातलं. पाटलाला सांगितलं न्हाय. ती माझी चूक. शिकलेली सुईण मी, आणि एका बाईच्या भयानं माझी जीभ टाळ्याला चिकटली.

कोंडाजी टिकला. पाच महिन्यांचा झाला, गुबगुबीत, हसरा. राही त्याला पाजताना पण दुसरीकडं बघायची. कुणी म्हणालं, "बाळसं धरलं गो तुझ्या लेकानं," की तिचा चेहरा पांढराफटक. "माझा कुठला? मनुआतेचा हाय तो."

शिमगा उलटला आणि गावात देवी आल्या. राहीच्या घरापासनं तिसरं घर हिरामणचं. त्याच्या रतनला आधी ताप, मग तोंडाच्या आत, पापण्यांच्या आत, तळपायाला, जिथं बघावं तिथं फोड. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले. पोरीला पाणी गिळता येईना. सहाव्या दिवशी ती गेली, चार वर्षांची. दुसऱ्याच दिवशी त्याच्या अलीकडच्या घरात कमळच्या पोराला ताप भरला. म्हणजे आता मधे एकच घर उरलं.

राही कोंडाजीला घेऊन आतल्या खोलीत बसली ती बसली. दार लावलेलं, खिडकीला जाळं टांगलेलं. मी गेले की आधी माझे हात बघायची.

अशात देवी डॉक्टर आला, पोरांना टोचायला. पाटलाच्या अंगणात खुर्ची टाकून बसला, पुढ्यात पेटी, मांडीवर यादी. पाटलाच्या वहीवरनं उतरवलेली यादी. वहीत नाव न्हाय तर यादीत न्हाय. मी धावत राहीकडं गेले.

"ऊठ. पोराला टोचून आणू."

"तिथं विचारतील, आते."

"विचारू देत. मी सांगेन माझा हाय. सगळा गाव तेच म्हणतो ना?"

ती उठली, पण पदराखाली पोर धरून अंगणाच्या पार कडेला, कुंपणाच्या वईपाशी उभी राहिली. कोंडाजीला मी कडेवर घेतलं आणि पुढं झाले.

डॉक्टरानं यादी बघितली. "नाव?"

"कोंडाजी."

"ह्या नावाचं कुणी नाही. कुणाचं मूल?"

"माझं."

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि हसला. मग हसू गेलं. "म्हातारे, थट्टा करतेस? पाच-सहा महिन्यांचं पोर, तुझं? कुठून आणलंस?"

"विकत घेतलंय." मी बोलून गेले. बोलल्यावर कळलं काय बोलले ते.

तो उभाच राहिला. पाटलाला म्हणाला, "पाटील, काय प्रकार आहे हा? नोंद का नाही?" पाटील माझ्याकडं बघून दात चावत म्हणाला, "सुईण सांगते तेव्हा नोंद होते, साहेब. हिनं सांगितलं नाही." डॉक्टर पुन्हा मला म्हणाला, "हे बघ, माझ्याकडं यादीपुरतीच लस आहे. दोन नळ्या वरच्या उरतील. आई पुढं येऊन सांगेल, कधी जन्मलं, कुठं, कुणाच्या पोटी, तर लिहून घेतो आणि टोचतो. चोरीच्या पोराला मी हात लावणार नाही. भरतीला मला खाडीपलीकडं जायचंय."

आणि आता ऐका. अंगणात पंचवीस-तीस माणसं व्हती. एकूण एकाला ठाऊक, पोर कुणाचं. कुणी बोललं न्हाय. हिरामण, ज्याची पोर आठ दिवसांमागं पुरली, तो पण खाली मान घालून उभा. पाटील वहीची पानं उलटत बसला. कुणाला राहीचं वाईट करायचं नव्हतं, उलट सगळे तिचं पोर राखत व्हते. एकानं जरी म्हटलं असतं, राहीचं हाय, तर पोर मेल्यावर त्याचं तोंड कुणी बघितलं नसतं. मी पण बोलले न्हाय. मी, जी वाड्याला शहाणपण शिकवते! माझ्या जिभेनं आधीच चार मारली असतील तर?

डॉक्टरानं पेटीचं झाकण लावलं.

"थांबा," राही म्हणाली.

ती वईपासनं पुढं आली. चार पावलं, पण तिला किती वेळ लागला! पदर खांद्यावरनं घसरला, तो पण तिला कळला न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं, पोराकडं न्हाय.

"साहेब, बॉर्न," ती म्हणाली. माझाच शब्द. "माझ्या पोटी. ह्याच वाड्यात. कार्तिकात, पुनवेच्या आदल्या दिवशी. माझा हाय."

डॉक्टर बसला, टाक उचलला. त्याला ऐकू कमी येत व्हतं की काय देव जाणे, म्हणाला, "मोठ्यानं सांग. कुणाच्या पोटी?"

"माझ्या."

"नाव सांग तुझं."

"राही. माझं पोर हाय. माझं हाय हो!" हे ती किंचाळलीच. कोंडाजी दचकून रडायला लागला. मागं कुण्या म्हातारीनं तोंडावर पदर धरला. डॉक्टरानं लिहिलं, टोचलं, आठ दिवसांनी दाखवायला सांगितलं आणि निघून गेला.

दिवस बुडायच्या आत राही माझ्या दारात आली. सुपात पोर. सूप उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि ती बाहेरच थांबली.

मी म्हटलं, "थांब, कोंडा आणते. परत करू सगळं."

"कोंडा नको, आते. ते खोटं व्हतं, आज सगळ्यांना कळलं. जिला कळू नये तिला पण कळलं. आता खरंच घे."

"अगो येडी, अंगावरचं पोर ते! दूध?"

"शेळीचं पाज." तिच्या चोळीवर दुधाचे डाग पसरत व्हते. "मी त्याला बघणार न्हाय. तुझ्या दारावरनं जाणार न्हाय. तू ह्याला पुरता तुझा कर, म्हणजे तो वाचेल."

चौथ्या दिवशी त्याचा दंड सुजला. सहाव्या दिवशी ताप. डॉक्टर म्हणाला व्हता ताप येईल, पण रतनची सुरुवात पण तापानंच झाली व्हती ना? मी त्याला दिवसातनं दहादा उघडा करून बघायची. पापण्या उलटून, तोंडात बोट घालून, तळवे उजेडाला धरून. मला जेवण जाईना. दिवेलागणीला चंदर मचव्यावरनं आला. दारात उभा राहिला, आत आला न्हाय. मोठा बाप्या, रडत व्हता. "ती भिंतीकडं तोंड करून पडलीय, आते. तिचं ऐक," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात कमळचं पोर गेलं. मधल्या घरातल्या दोघांना आल्या.

कोंडाजीला दंडावरच्या एका फोडापलीकडं काही उठलं न्हाय. तो पिकला, खपली धरली, पडली. ताप उतरला आणि पोर माझ्या नाकात बोट घालून हसलं. मी देवापुढं डोकं आपटून घेतलं इतकं मला रडू आलं.

वैशाखात देवी गावातनं गेल्या. मी त्याला न्हाऊ माखू घातलं आणि राहीच्या घरी घेऊन गेले. "राही, दार उघड. वाचलं गो तुझं पोर." आतनं ती म्हणाली, "तुझं." बस. दार उघडलं न्हाय. दोन दिवसांनी मी परत गेले. आता देवाला स्मरून सांगते, दुसऱ्या खेपेला मी दार जोरात वाजवलं न्हाय. तिसऱ्यांदा गेलेच न्हाय. तोवर तो माझ्या कुशीत झोपायला शिकला व्हता, आणि मला पण त्याच्याशिवाय झोप येईनाशी झाली व्हती.

राहीला त्यानंतर मूल झालं न्हाय.

आता कोंडाजी सात वर्षांचा हाय. मला आई म्हणतो. तिचं नाक, तिचे डोळे, चालणं पण तिचंच. वाड्यात कुणी त्याला काही सांगत न्हाय, आणि मला रोज वाटतं आज कुणीतरी सांगेल. पूर्वी भ्यायची ती राही, आता मी भिते. तो समोर दिसला की मात्र राही एक विचारल्याशिवाय राहत न्हाय. "कुणाचा रे तू?" तो म्हणतो, "मनुआईचा." ती म्हणते, "बरं," आणि तिच्या जिवात जीव येतो. माझ्या पण.

काल ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत व्हती. तो खेळता खेळता तिथं गेला. मी मागंच व्हते, टोपली घेऊन. तिनं विचारलं, "कुणाचा रे तू?"

तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी टोपली खाली ठेवली.

राहीनंच घाईघाईनं उत्तर दिलं. "मनुआईचा ना तू? मनुआईचाच. जा घरी, जा." आणि पाठ फिरवून बोंबील उलटायला लागली. नुकतेच उलटलेले ती परत उलटत व्हती.