शेजार न मानणाऱ्या पेशी

थोरली बहीण गेली, त्याच आठवड्यात धाकटी प्रयोगशाळेत पुन्हा कामावर हजर झाली. लोकांनी नावं ठेवली असतील. तिच्या कानावर आलीही असतील, पण आत काही उतरत नव्हतं. काचेच्या बशांमध्ये वाढणाऱ्या पेशी कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत. त्यांचा पोषणद्रव वेळच्या वेळी बदलावाच लागतो.

उंदराच्या पेशींत एका विषाणूची दोन जनुकं घालायची आणि काय होतं ते पाहायचं, हे तिचं काम. थोरलीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला तो याच विषाणूमुळे. धाकटीने हा विषय घेतला तेव्हा थोरली ठणठणीत होती.

त्या सकाळी बशीत पेशींचे ढीग दिसले. प्रयोग साधला होता. सरांनी पाठ थोपटली. ती "थँक्यू सर" म्हणाली आणि रिकाम्या बाटल्या धुवायला लागली.

दुपारी भावोजी आले. थोरलीच्या कपड्यांचं काय करायचं ते विचारायला आले असतील, असं तिला वाटलं. पण ते म्हणाले, तू काय करतेस ते एकदा बघायचंय. तिने त्यांना आपला जादा कोट दिला, तो दंडात घट्ट झाला, आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी साधी बशी.

"या शहाण्या. शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात."

मग दुसरी, जनुकं घातलेली.

"या थांबत नाहीत. एकमेकींच्या उरावर चढतात."

पेशीत वाढीला आवर घालणारे पहारेकरी असतात, ही जनुकं त्यांनाच निकामी करतात, हे तिने नव्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. भावोजींनी भिंगावरून डोळा काढला नाही.

"तिला हा विषाणू माझ्याकडून लागला का गं, चिमे?"

"लागला असेल. तुमच्या आधीपासूनही असेल. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, भावोजी. बहुतेकांना लागतो आणि आपोआप जातो. तिचा गेला नाही."

"हं," ते म्हणाले. रडतील म्हणून तिने दार लोटून घेतलं होतं. ते रडले नाहीत, तीही नाही.

मग त्यांनी आपल्या लेकीचं विचारलं. लस असते, तिच्या वयात घेतलेली बरी, असं धाकटीने सांगितलं.

"मग तू चल बरोबर. तिला काय सांगायचं ते मला नाही सुचणार."

शनिवारी तिघं दवाखान्यात गेली. मुंगी चावल्यासारखं होईल, असं मावशीने भाचीला सांगितलं. सुई टोचून झाल्यावर पोरगी दंड चोळत म्हणाली, "मावशी, तुमच्याकडच्या मुंग्या फारच धष्टपुष्ट आहेत."

भावोजी हसले, तोंडापुरते. धाकटीने हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. पुढचा डोस कधी ते नर्सला विचारून तिने भावोजींना सांगितलं, बापलेकीला बसमध्ये बसवलं आणि ती पेशींचा पोषणद्रव बदलायला गेली.