अंगठे खाणारं यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं काजू फोडायचं यंत्र आहे. माझ्याजवळ येऊ नका, आणि माझं कौतुक तर मुळीच करू नका.

वेंगुर्ल्यात परशुरामच्या शेडमध्ये माझं सगळं आयुष्य गेलं. पायाने पट्टी दाबायची, पात्यांत बी चिरायची आणि आतला गर काढायचा. टरफलातून उडणारं तेल कातडी जाळतं.

परशुराम मला लक्ष्मी म्हणतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालतो. मेल्याने जन्मात एक बी फोडलेली नाही! माझ्यापुढे बसायची ती यशोदा, त्याच्या धाकट्या भावाची विधवा. तिचे हात काळे पडले, बोटांची सालपटं निघाली. हळदीकुंकवाला गेली की ती हात पदराखाली लपवायची. तिला कधी कुणी हार घातला नाही.

पुढे बँकेत अंगठ्याचं यंत्र तिला ओळखेना. ठसेच जळून गेले होते. सहीही येत नव्हती, कारण धाकटी भावंडं सांभाळायला तिला दुसरीतच शाळेतून काढलं होतं. मग परशुरामने साळसूदपणे तिची मजुरी तिला न देता आपल्याच खात्यात ठेवायला सुरुवात केली. साबणाच्या वडीसाठीसुद्धा तिने त्याच्यापुढे हात पसरायचा.

यंदा तिची मुलगी समीक्षा बारावी झाली. सावंतवाडीच्या कॉलेजात प्रवेशही मिळाला. परशुरामने तिला दंडाला धरून माझ्यापुढे आणलं.

"शिकान काय दिवे लावतलंस? बस हय!"

समीक्षाने रडत पट्टीवर पाय ठेवला. मला स्वतःची किळस आली.

तोच यशोदा उठली. तिने पाना घेतला, माझी दोन्ही पाती काढली आणि मागच्या विहिरीत भिरकावली.

"तुका पिसा लागला काय गो?" परशुराम ओरडला.

"माझो आंगठो ह्या यंत्रान खाल्ल्यान, भावोजी, आणि मजुरी तुमी खाल्ल्यात. माझ्या चेडवाचो आंगठो मी दिवचंय नाय!"

आता समीक्षा एसटीने कॉलेजात जाते. यशोदा दुसऱ्यांच्या बागेत कामाला जाते आणि संध्याकाळी लेकीकडून सही शिकते. स्वतःच्या नावाचं खातं तिला स्वतः चालवायचं आहे.

इकडे परशुराम नवी पाती आणि तेलाचा डबा घेऊन आला आहे. वाडीतली दुसरी एखादी मुलगी तो शोधतो आहे.

मित्रांनो, जुनी यंत्रं शेवटी तेलपाणी करा म्हणून विनवतात. माझं मागणं उलटं आहे. शाळेतून काढलेली मुलगी माझ्यापुढे बसणार असेल, तर मला तेल घालू नका. मला गंजू द्या.